मारिओ कार्ट ८ डिलक्सचे ४८ जादा ट्रॅक: मुलांबरोबर सुरुवात कुठून करावी?

नाशिकचा_बाबा

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे निन्टेन्डो स्विच हा गेम कन्सोल आहे, मेहुण्याने सिंगापूरहून येताना आणलेला. त्यावर मारिओ कार्ट ८ डिलक्स हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम भरपूर खेळून झालाय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, आणि रात्री जेवणं आटोपली की मी आणि बायकोही बसतो. मूळचे ४८ ट्रॅक मुलीला आता इतके पाठ झालेत की ती डोळे मिटून चालवेल. म्हणून या आठवड्यात बूस्टर कोर्स पास, म्हणजे जादा ट्रॅकचा विकतचा संच, घेतला.

डाउनलोड झालं आणि पडद्यावर एकदम बारा नवे कप आले, प्रत्येकात चार ट्रॅक. दोन्ही मुलं पार हरखली. पहिल्या दिवशी आम्ही सरळ पहिल्या कपापासून ग्रां प्री (कपातले चारही ट्रॅक ओळीने) लावली. पॅरिसच्या ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत समोरून गाड्या यायला लागल्या, तेव्हा मुलीला वाटलं आपणच उलटे चाललोय, आणि तिने गाडी वळवली. चॉको माउंटनवर दगड अंगावर आले. मुलाला चित्रात आइसक्रीम दिसलं म्हणून तो ट्रॅक लावला, तर तो दर वळणावर खाली पडायचा. शेवटी रडारड झाली आणि "जुनाच लाव" वर गाडी आली.

पैसे वाया गेले असं अजिबात नाही वाटत, ट्रॅक सुंदर आहेत. पण एवढ्या सगळ्यांत शिरायचं कुठून, ते कळत नाहीये. म्हणून विचारतो:

नवा ट्रॅक तुम्ही कसा शिकता? कप लावलेत त्याच क्रमाने खेळावं का? सहा वर्षांच्या मुलाला झेपतील असे कोणते? आणि मेहुणा सिंगापुरात आहे, त्याच्याकडे हा पास नाही. त्याच्याबरोबर ऑनलाइन खेळायचं तर त्यानेही घ्यायला हवा का?

स्प्रेकाठची_सातारकर

दादा, प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी मूळची साताऱ्याची, आता बर्लिनमध्ये असते, आणि इथल्या आमच्या मराठी कंपूत दर शुक्रवारी मारिओ कार्ट असतं. हे जादा ट्रॅक मार्च २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या काळात सहा हप्त्यांत आले, दर वेळी आठ. हप्ता आला की त्या शुक्रवारी बाकी सगळं बाजूला. त्यामुळे तुमच्यासारखे ४८ ट्रॅक एकदम अंगावर यायची वेळ आमच्यावर आली नाही, आठ-आठ करत पचवायला मिळाले. तुम्हीही तसंच करा.

क्रमाचं आधी सांगते. मूळ गेममध्ये मशरूम कपपासून पुढे जाताना ट्रॅक साधारण अवघड होत जातात. बूस्टरच्या कपांत तसं काही नाही. ते ज्या क्रमाने प्रसिद्ध झाले त्याच क्रमाने लावलेत. प्रत्येक कपात वेगवेगळ्या काळातले ट्रॅक मिसळलेत: एखादा १९९२ च्या सुपर मारिओ कार्टमधला सपाट ट्रॅक, एखादा वी या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलवरच्या २००८ च्या मारिओ कार्टमधला, एखादा मोबाइलवरच्या मारिओ कार्ट टूरमधला. म्हणून कप धरून खेळलं की एका रात्रीत तीन वेगळ्या स्वभावांचे ट्रॅक समोर येतात आणि हात कशालाच सरावत नाही. ग्रां प्री सध्या बाजूला ठेवा. व्हर्सस रेसमध्ये ट्रॅक आपण निवडू शकतो, तिथे जा.

आता शिकायचं कसं. माझं ठाम मत आहे की नवा ट्रॅक पहिल्यांदा शर्यत म्हणून चालवूच नये. व्हर्ससमध्ये कॉम्प्युटरच्या गाड्या पूर्ण बंद करता येतात. ५० सीसी, म्हणजे सगळ्यात कमी वेग ठेवा, ट्रॅकवर फक्त तुम्ही दोघं-तिघं. मुलांना सांगा, आज कोणी जिंकत नाही, आज फक्त फिरायचं. थांबा, मागे वळा, कडेला जाऊन खाली काय आहे ते बघा. घाटात चालवताना नजर बॉनेटवर नसते, पुढच्या वळणावर असते. इथेही तेच, आणि ती नजर दुसऱ्यांनी फेकलेली कासवं-केळी (हे गेममधले आयटम) अंगावर येत असताना तयार होत नाही.

फिरताना तीन गोष्टी शोधायला लावा. नाणी कुठे मांडलीत, कारण ती बहुतेक वेळा चांगल्या रेषेवरच असतात (दहा नाण्यांपर्यंत प्रत्येक नाण्याने गाडीचा कमाल वेग थोडा वाढतो, म्हणून ती वेचणं सोडू नका). उडी घेता येईल असे उंचवटे कुठे आहेत, कारण कडेवरून सुटताना आर बटण दाबलं की हवेत कसरत होते आणि उतरताना जोर मिळतो. आणि रस्ता कुठे फुटतो. एवढं झालं की मग एकट्याने टाइम ट्रायल, म्हणजे फक्त घड्याळाशी शर्यत. तिथे क्षणभर वेग देणारे तीन मशरूम मिळतात, आयटमच्या पेट्या नाहीत, आणि निन्टेन्डोच्या लोकांनी चालवलेली 'घोस्ट' गाडी तुमच्याबरोबर धावते. तिला हरवायचं नाही, तिच्या मागे राहायचं. ती कुठे ड्रिफ्ट (वळणावर गाडी घसरवत नेणं, सोडताना जोर मिळतो) सुरू करते ते बघायचं. तुमच्या मुलीला हे नक्की आवडेल. ज्या वयात ट्रॅक पाठ होतात त्याच वयात दुसऱ्याची रेष उचलण्याची हौस असते. फक्त टाइम ट्रायल १५० किंवा २०० सीसीवरच असते, त्यामुळे धाकट्याला त्यात ओढू नका.

एक तांत्रिक गोष्ट. एक किंवा दोन जण खेळत असताना चित्र सेकंदाला ६० फ्रेम्सने चालतं, तीन किंवा चार झाले की ३० वर येतं. शिवाय पडद्याचे चार तुकडे. नवा ट्रॅक शिकताना दोघं-दोघंच बसा. ओळखीच्या ट्रॅकवर चौघांनी बसायला काहीच हरकत नाही.

आता आइसक्रीमचा ट्रॅक. तो स्काय-हाय संडे. दिसायला मुलांचा, पण बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, आणि रस्ता सतत वाकडातिकडा होतो. मुलगा पडतो यात त्याचा काही दोष नाही. गाडी निवडायच्या पडद्यावर प्लसचं बटण दाबा, तिथे स्मार्ट स्टिअरिंग आहे. ते चालू केलं की गाडीच्या मागे एक छोटी अँटेना दिसते आणि कडेला गेलं की गाडी आपोआप आत ओढली जाते. बाजूलाच ऑटो-ॲक्सिलरेटही आहे, म्हणजे बटण दाबून ठेवायला लागत नाही. सहा वर्षांच्या बोटांना त्याचा खरा उपयोग होतो. प्रत्येक खेळाडूसाठी हे वेगळं ठरवता येतं, म्हणून मुलीचं बंदच ठेवा. स्मार्ट स्टिअरिंगमध्ये ड्रिफ्टची तिसरी, सगळ्यात जास्त जोराची जांभळी ठिणगी मिळत नाही आणि गवतातून जाणारे आडमार्गही बंद होतात. ती त्याच्या पुढे गेलीय.

धाकट्यासाठी सुरुवातीला टोड सर्किट, पीच गार्डन्स, डेझी सर्किट, रिव्हरसाइड पार्क. रुंद रस्ते, सरळ वळणं, पडायची भीती नाही किंवा फारच कमी. टोड सर्किटवर पुष्कळांनी नाक मुरडलं होतं, हिरवळ सपाट दिसते म्हणून. मला तो प्रामाणिक ट्रॅक वाटतो, शिकणाऱ्यासाठी बनवलेला. त्यानंतर त्याला स्क्वीकी क्लीन स्प्रिंट दाखवा. अख्खा ट्रॅक न्हाणीघरात आहे, गाडी टबातल्या पाण्यात उतरते. आमच्या कंपूतलं सगळ्यात लहान पोरगं दर शुक्रवारी आधी तोच मागतं.

मुलीसाठी पहिला कोकोनट मॉल. वी वरचा, आणि माझ्या मते या ४८ मध्ये शिकवायला सगळ्यात चांगला. गाडी मॉलमध्ये शिरते तिथे सरकते जिने आहेत, त्यांच्यावरचे बाण बघायचे. तुमच्या दिशेने सरकणारा जिना पकडला तर गाडी फेकल्यासारखी वर जाते, उलटा पकडला तर मागून येणारे तिघं निघून जातात. म्हणजे वळणाच्या आधीच, दार ओलांडायच्या आत ठरवावं लागतं. शेवटी पार्किंगमध्ये मोटारी आडव्या येतात. हा ट्रॅक पहिल्या हप्त्यात आला तेव्हा त्या मोटारी जागच्या जागी उभ्या होत्या, जुन्या खेळाडूंना ते फार खटकलं. पुढच्या अपडेटमध्ये त्या हलायला लागल्या आणि त्या शेवटच्या तुकड्यात पुन्हा जीव आला.

मेहुण्याचं उत्तर: गरज नाही. ज्याच्याकडे पास आहे त्याच्याबरोबर खेळताना, लोकल वायरलेस असो की ऑनलाइन, दुसऱ्यालाही ते ट्रॅक खेळता येतात. त्याला एकट्याने सराव करायचा असेल तरच त्याने घ्यावा. इथे त्याची किंमत २४.९९ युरो आहे.

ऑरेंज_सिटी_ड्रिफ्ट

ताई, तुमच्या पद्धतीला शंभर टक्के पाठिंबा. मी नागपूरला इंजिनिअरिंग करतो, हॉस्टेलवर आमचा ग्रुप आहे, आम्ही २०० सीसीच खेळतो. पण शहरांच्या ट्रॅकबद्दल तुम्ही काहीच बोलल्या नाहीत, म्हणून मी लिहितो. मला वाटतं नवीन माणसाने ते शेवटी ठेवावेत.

कारण असं. पॅरिस, टोकियो, न्यूयॉर्क, सिडनी, लंडन, हे सगळे टूरमधून आलेत. दर फेरीला वाट बदलते. मारिओ कार्टमध्ये आपण शिकतो कसे, तर पहिल्या फेरीत चुकलो ते दुसऱ्या फेरीत सुधारतो. इथे दुसऱ्या फेरीत तो रस्ताच राहत नाही. सिडनीमध्ये तर मला बरेच दिवस कुठलं वळण कुठल्या फेरीतलं हेच कळत नव्हतं. नाशिकवाल्या दादांच्या मुलीचं पॅरिसवर जे झालं ते त्यामुळेच. त्या ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत रस्ता उलटा फिरवतात आणि मागे राहिलेले लोक समोरून येतात. ती चुकली नाही, ट्रॅकच तसा आहे.

माझा जीव जुन्या ट्रॅकवर. डीएस या निन्टेन्डोच्या जुन्या हातातल्या कन्सोलवरचा वालुइजी पिनबॉल लावा, काय बनवलाय! सुरुवातीला पिनबॉलचा गोळा मारतात तशी गाडी नळीतून वर फेकली जाते, मग घसरगुंडीसारखा वळणावळणाचा उतार, त्यावर आपल्यापेक्षा मोठे लोखंडी गोळे मागून-पुढून गडगडत असतात. शेवटी खाली सपाट भाग, बंपर आणि फ्लिपर. टणटण आवाज सतत. उतारावर एकच लांब ड्रिफ्ट पकडून ठेवायचा आणि योग्य क्षणी सोडून दुसऱ्या बाजूचा घ्यायचा, हे जमलं की बाकी सगळे ट्रॅक सोपे वाटतात. हॉस्टेलवर कोणी नवीन आला की आम्ही त्याला आधी इथेच बसवतो.

मग मेपल ट्रीवे. प्रचंड झाडाच्या फांद्यांवरून रस्ता, पानांचे ढीग, त्यात घुसलं तर कधीकधी मशरूम मिळतं. डीके समिट, बर्फाचा, तोफेतून वर नेतो आणि मग उतार. आणि कूपा केप, जिथे नदीचा प्रवाहच गाडीला ढकलतो. हे तिन्ही वी वरचे. त्या काळी ट्रॅक बनवणाऱ्यांना उतार म्हणजे काय ते कळत होतं, असं मी छातीठोकपणे सांगतो.

२०० सीसीला हात घालणार असाल तर एकच: वळणावर ॲक्सिलरेटर न सोडता ब्रेकही दाबायचा, ड्रिफ्ट चालू ठेवून. तुमच्या मुलीला वर्षभरात जमेल.

नाशिकचा_बाबा

ताई आणि मित्रा, दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी करून बघितलं.

५० सीसी, कॉम्प्युटरच्या गाड्या बंद, मी आणि मुलगी, पीच गार्डन्स. "आज कोणी जिंकत नाही" म्हटल्यावर आधी तिला पटेना. मग ती झुडपांच्या मधून फिरायला लागली आणि साखळीला बांधलेले ते काळे चावरे गोळे बघत बसली. मला म्हणाली, "बाबा, थांब, हा किती लांब येतो ते बघू दे." साखळी कुठपर्यंत पुरते ते तिने मोजून काढलं. मग १०० सीसीला सगळ्या गाड्या लावल्या तेव्हा ती त्या गोळ्यांच्या अगदी काठाने गेली आणि मी धडकलो.

मुलाला स्मार्ट स्टिअरिंग चालू करून दिलं. आइसक्रीमचा ट्रॅक पूर्ण केला, एकदाही खाली न पडता. नंबर शेवटचा होता पण त्याला त्याचं काहीच नव्हतं, त्याने लगेच आजीला व्हिडिओ कॉल लावला.

आता दोन शंका. एक, शहरांचे ट्रॅक खरंच सोडायचे का? कारण मेहुण्याबरोबर सिंगापूरचा खेळायचाय, मुलं गेल्या वर्षी तिकडे जाऊन आलीत. दुसरी, दोन रेनबो रोड दिसतात. मुलगी रोज विचारते, कधी लावायचे. शेवटी ठेवायचे का?

मोफतखेळ

मधेच एक माहिती, ज्यांच्याकडे स्विच नाही त्यांच्यासाठी. सुपरटक्सकार्ट नावाचा गेम पूर्ण मोफत आहे, मुक्त स्रोत, विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळ्यावर चालतो. त्यातही गेममधूनच जादा ट्रॅक डाउनलोड करता येतात, तेही फुकट. ते जगभरच्या हौशी लोकांनी ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये बनवलेले असतात, त्यामुळे काही अप्रतिम तर काही अर्धवट. सातारकर ताईंनी सांगितलेली "आधी रिकाम्या ट्रॅकवर फिरा" ही पद्धत तिथे आणखी कामाची, कारण एखाद्या ट्रॅकवर गाडी कुठे अडकते ते मुलांना देण्याआधी कळतं. मी शाळेत संगणक शिकवतो, सुट्टीच्या आधीच्या तासाला लॅबमध्ये लॅनवर लावतो. ऑनलाइन किंवा लॅनवर खेळताना तो जादा ट्रॅक सगळ्यांच्या मशीनवर असावा लागतो, एवढं लक्षात ठेवा.

स्प्रेकाठची_सातारकर

दादा, आजीला व्हिडिओ कॉल वाचून मी इथे कंपूतल्या दोघींना वाचून दाखवलं!

ऑरेंज सिटी, उतारांबद्दल तुझं म्हणणं मला मान्य, वालुइजी पिनबॉलबद्दल तर पूर्ण. पण शहरांचे ट्रॅक शेवटी ठेवावेत हे मला पटत नाही. वाट बदलते हीच त्यांची गंमत आहे, फक्त ते शिकायची रीत वेगळी. बाकीच्या ट्रॅकवर आपण वळणं पाठ करतो. इथे चौक पाठ करायचे. शहरात दोन-तीनच मोठे चौक असतात, दर फेरीला तिथे बाणांचे फलक बदलतात आणि वेगळ्या गल्लीत पाठवतात. तो चौक ओळखीचा झाला की पुढची गल्ली कुठलीही असो, हात तयार असतो. रिकाम्या ट्रॅकवर फिरताना प्रत्येक फेरीत चौकात क्षणभर थांबा आणि मुलांना विचारा, मगाशी कुठे गेलो होतो, आता कुठे पाठवतायत. तीन फेऱ्यांत शहर डोक्यात बसतं.

बर्लिन बायवेज मी या कारणासाठी फार खेळले. ब्रँडेनबुर्ग दरवाज्याखालून गाडी सुसाट जाते, आणि मी तिथून चालत जाणारी बाई. खऱ्या दरवाज्याखालून २००२ पासून मोटारींना बंदी आहे, तिथे पर्यटक आणि सायकली असतात. गेममध्ये त्या खांबांच्या मधून ड्रिफ्ट करत निघायचं म्हणजे जे शहर आपल्याला रोज थांबवतं त्याने एकदा वाट मोकळी करून दिली असं वाटतं. ज्या गावात आपण राहिलोय त्याचा ट्रॅक वेगळाच भिडतो. म्हणूनच तुमच्या मुलांना सिंगापूर स्पीडवे आत्ताच द्या, अजिबात थांबू नका. मर्लायन (सिंहाच्या डोक्याचा मासा) दिसेल, बागेतली ती उंच लोखंडी झाडं दिसतील, आणि मरीना बे सँड्स हॉटेलच्या गच्चीवर गाडी चढते. मामाला आधी सांगू नका तो गच्चीचा भाग.

खोली तुम्ही उघडा, म्हणजे मित्रांची रूम, आणि मामाला आत बोलवा. एक गोष्ट ठरवून घ्या: डिसेंबर २०२२ च्या अपडेटपासून कोणते आयटम येऊ द्यायचे ते आपण निवडू शकतो. पहिल्या दिवशी निळं कासव (पहिल्या नंबरला जाऊन उडवणारं) आणि वीज (सगळ्यांना छोटं करणारी) बंद ठेवा. ट्रॅक नवा असताना पहिल्या नंबरवरून उडवलं गेलं की मुलाला ट्रॅकच वाईट वाटायला लागतो. चार-पाच शर्यतींनंतर मुलीने स्वतःहून मागितलं की चालू करा.

आता रेनबो रोड. दोन्ही एकाच तागडीत घालू नका. थ्रीडीएस या हातातल्या कन्सोलवरचा, २०११ च्या मारिओ कार्ट ७ मधला, तो आत्ताच लावा. त्यात तीन फेऱ्या नाहीत, एकच लांब प्रवास आहे, तीन टप्प्यांत. शनीसारख्या कड्यांवरून जातो, चंद्रावर उतरतो, खड्ड्यांमधून गाडी उसळते. पडायच्या जागा आहेत, पण श्वास घ्यायलाही जागा आहे. बऱ्याच जणांच्या मते सगळ्या मालिकेतला सुंदर रेनबो रोड हाच, आणि मी त्यांच्यातली एक. रात्री दिवे घालवून, आवाज जरा वाढवून लावा, संगीत ऐकण्यासारखं आहे.

वी वरचा मात्र खरोखर शेवटी. तो पासमधला शेवटच्या कपातला शेवटचा ट्रॅक आहे आणि ती जागा त्याची हक्काची आहे. सुरुवातीलाच उतार, कठडे जवळजवळ नाहीत, मग तो लाटांसारखा वरखाली होणारा तुकडा, जिथे प्रत्येक लाटेवर गाडी सुटते आणि उतरताना तोंड सरळ असावंच लागतं. तिथे घाईने ड्रिफ्ट घ्यायचा मोह होतो, घेऊ नका. लाटांवर फक्त उड्या आणि सरळ हात. मुलीला त्यासाठी जरा हलकी, चटकन वेग पकडणारी गाडी द्या: बिडीबगी आणि रोलर चाकं. पडली तरी पुन्हा लगेच वेगात येते. जड पात्र आणि मोठी चाकं घेऊन हा ट्रॅक शिकायला बसू नये, प्रत्येक पडण्यानंतर अर्धा मिनिट गेल्यासारखं वाटतं आणि मूल चिडतं.

आणखी एक ट्रॅक राहिला, निंजा हाइडअवे. तो तुम्ही आणि वहिनींनी मुलं झोपल्यावर खेळा. वाड्यासारख्या इमारतीच्या आतून रस्ता आहे, खालून जाता येतं, वरच्या तुळयांवरूनही जाता येतं, आणि दोघं वेगवेगळ्या मजल्यांवरून धावत असता. कुठली वाट जवळची यावर आमच्याकडे अजून एकमत झालेलं नाही. मी वरची धरते. ज्या दोघांना एकमेकांची स्टिअरिंगची सवय माहिती आहे, त्यांच्यासाठी याच्याइतका चांगला ट्रॅक पासमध्ये नाही.

ऑरेंज_सिटी_ड्रिफ्ट

ताई, चौक पाठ करायची गोष्ट भारी आहे. आज सिडनी लावतो आणि त्याच नजरेने बघतो. पण निंजा हाइडअवेत वरची वाट? तुळईवर कोणी समोर केळं टाकलं तर जाणार कुठे? खालूनच जायचं.

स्प्रेकाठची_सातारकर

केळं दिसलं की तुळईवरून खाली उडी मारायची, खाली रस्ताच आहे. टाइम ट्रायलमध्ये दोन्ही वाटांनी एक-एक फेरी मार आणि फेरीची वेळ इथे टाक. मी १५० सीसीची माझी टाकते. गाडी मात्र दोघांची एकच हवी, नाहीतर तुलना होणार नाही. बिडीबगी, रोलर, पेपर ग्लायडर, पात्र टोड. चालेल?

ऑरेंज_सिटी_ड्रिफ्ट

चालेल. टोडच.

नाशिकचा_बाबा

आमच्याही वेळा टाकतो मग, मुलगी आत्ताच जॉय-कॉन (स्विचचा कंट्रोलर) घेऊन बसलीय. मेहुण्याला रविवारी सकाळी अकराला बोलावलंय, तिकडे दीड वाजलेला असेल. निळं कासव बंद.